आधी कान, मग अक्षर

फोन आला तेव्हा मी गिरणीवर दळणाच्या रांगेत उभी होते. चक्कीच्या आवाजात सुनंदाताईंची मुलगी प्रज्ञा काय म्हणतेय ते पहिल्यांदा कळलंच नाही. डबा तिथंच ठेवून मी रस्त्यावर आले, दुसऱ्या कानावर हात दाबून धरला आणि म्हटलं, "परत सांग गं, ऐकू नाही आलं." ती म्हणाली, "मावशी, आई गेली..." तसं पाहिलं तर या फोनची तयारी मनानं करून ठेवली होती. जिन्याच्या ढिगाऱ्यातून काढल्यापासून सुनंदाताई शुद्धीवर आल्याच नव्हत्या, आणि डॉक्टरांनी कुणाला आशाही लावली नव्हती. तरी ते वाक्य कानात शिरलं आणि आत कुठं टेकेचना. रिक्षा जात होत्या, पलीकडे कुणी पत्रा ठोकत होतं, चक्की चालूच होती. एवढ्या आवाजात मला तेवढं एकच वाक्य ऐकू येत राहिलं.

आता त्याला काही आठवडे झाले. इमारत खचल्याची बातमी पेपरात आली तेव्हा त्यात ताईंचं नाव होतं आणि पुढे 'बालवाडी शिक्षिका' एवढंच. त्या काय शिकवायच्या, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी लिहिलंही नाही. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं. मला सारखं वाटतं की त्या काय शिकवत होत्या हे सांगितल्याशिवाय त्या दुपारी काय घडलं हे सांगताच येणार नाही.

ताईंचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी भुसावळकडून सुरतेत आले आणि इथलेच झाले. ताईंचा जन्म उधन्याचा. घरात मराठी, गल्लीत गुजराती, भाजीवाल्याशी हिंदी, असं त्यांचं सगळं लहानपण तीन भाषांत गेलं. बालशिक्षणाचा कोर्स करून त्या एका इंग्रजी शाळेच्या लहान वर्गावर लागल्या. तिथं तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांकडून पानंच्या पानं ए, बी, सी गिरवून घ्यायचे. एका मुलाला पेन्सिल हातात घेतली की उलटी व्हायची. ताईंनी त्याची पेन्सिल काढून घेतली आणि त्याच्याशी गाण्याचे खेळ खेळायला लागल्या, त्यावरून शाळेत बोलाचाली झाली आणि त्यांनी नोकरी सोडून घरीच लहान मुलांचा वर्ग सुरू केला. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

मी शिरपूरकडची. लग्न होऊन सुरतेत आले. नवरा पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये, घरात अहिराणी, आणि बाहेर पडलं की माझी जीभच उचलायची नाही. माझी मुलगी ताईंच्या घरगुती वर्गात जायची तेव्हा मी तिला सोडून बाहेर पायरीवर बसून राहायचे. एक दिवस ताई दारात येऊन म्हणाल्या, "बाहेर बसून काय करता अर्चना? आत या. तुम्हीपण ऐका." मी आत गेले ती गेलेच. पुढे मुलं वाढली, ताईंच्या घरची जागा पुरेना, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून लिंबायतच्या एका गल्लीत तळमजल्यावरची समोरची खोली भाड्यानं घेतली. तिला दोन खिडक्या होत्या आणि बाहेर थोडा ओटा. वरचा मजला तेव्हा रिकामा होता. त्याच्याही वर मालक हसमुखभाईंची म्हातारी आई राहायची, सगळे तिला बा म्हणायचे. हसमुखभाई स्वतः नदीपलीकडे फ्लॅटमध्ये गेले होते, पण बांना ते घर सोडवत नव्हतं. दिवसा त्यांच्याकडे कामाला एक बाई यायची. बा गॅलरीत बसून मुलांची गंमत बघायच्या. आम्ही खालून "बा, जय श्रीकृष्ण" म्हटलं तर त्या हसायच्या, पण उत्तर द्यायच्या नाहीत. त्यांना ऐकू येत नाही, हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले.

आमच्या बालवाडीत पहिले कितीतरी महिने अक्षर दाखवायचंच नाही, असा ताईंचा नियम होता. मुलं डोळे मिटून बसायची आणि कानावर काय काय आलं ते सांगायची. कुकरची शिट्टी, कबुतर, दूरची गाडी, शेजारच्या मुलाचं नाक. ताई पडद्याआड उभ्या राहून डब्यात डाळ हलवायच्या, मग साबुदाणा, मग नाणी, आणि मुलांनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं. नंतर नावांच्या टाळ्या. खु-शी, दोन टाळ्या. अर्-च-ना, तीन टाळ्या. त्यानंतर शब्दाचा पहिला आवाज पकडायचा. "माझ्या पिशवीत एक वस्तू आहे, म् नं सुरू होते," असं म्हटलं की मुलं अंदाज लावता लावता उड्या मारायची. माठ, मका, मोजा, मम्मी!

पालकांना यात शिक्षण कुठंच दिसायचं नाही. दर वर्षी पहिल्या बैठकीला तोच प्रश्न यायचा. एका वर्षीची बैठक मला अजून डोळ्यासमोर दिसते. एक वडील उभे राहिले, दिवसपाळी बुडवून आलेले. म्हणाले, "टीचर, बाजूच्या शाळेतली पोरं ए टू झेड लिहितात. माझा पोरगा घरी येऊन सांगतो, आज आम्ही डाळ ऐकली. लोक हसतात आम्हाला."

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं भाऊ, मला सांगा, मांजराला इंग्रजीत काय म्हणतात?"

"कॅट."

"लिहायचं कसं?"

"सी, ए, टी."

"मग सी, ए, टी असं भराभर म्हणून बघा. त्यात कॅट कुठं ऐकू येतंय का?"

ते गृहस्थ दोन-तीनदा पुटपुटले. सीएटी, सीएटी... मग स्वतःच हसले. ताईंनी त्यांना सावकाश म्हणायला लावलं, क्... ॲ... ट्. "हा शब्दातला आवाज," त्या म्हणाल्या. "सी हे त्या अक्षराचं नाव. मुलाला नुसतं नाव पाठ झालं तर तो गिरवेल छान, पण वाचताना अडेल. अक्षर म्हणजे आवाजाचा फोटो. ज्या माणसाला कधी भेटलोच नाही, त्याचा फोटो बघून ओळख कशी पटणार? म्हणून आधी आवाजाशी भेट करून द्यायची. मराठी असो, गुजराती असो, इंग्रजी असो, रस्ता हाच."

मग त्यांनी बायांकडे मोहरा वळवला. "तुम्हाला वेगळा वेळ काढायचा नाही. पीठ मळताना मुलाला विचारा, पोळी आणि गोळी, शेवट सारखा वाजतो का? भांडी लावताना म्हणा, डोळे मीट, हा चमचा पडला का वाटी? घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच खेळा. कानाला भाषेची लाज नसते." हे शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून मी बैठकीत बोलायला लागले.

वरच्या मजल्यावर मशिनं आली तेव्हा पावसाळा सरला होता. हसमुखभाईंनी मजला एम्ब्रॉयडरीच्या खात्याला, म्हणजे कारखान्याला, भाड्यानं दिला. लांबलचक कंप्यूटर मशिनं, एकेकाला कितीतरी सुया. क्रेन लावून खिडकीच्या बाजूनं ती वर चढवली, आणि आमची मुलं ओट्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. ताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या वर बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं वजन..." आणि वाक्य तिथंच सोडून मुलांना आत घेऊन गेल्या.

पहिल्या आठवड्यात वाटलं, आवाजाची सवय होईल. मुलांना ती झालीही, पण ती आम्हाला नको तशी. मुलं मोठ्यानं बोलायला लागली. डाळ आणि साबुदाण्यातला फरक ती सांगू शकेनात. स् म्हटलं तर श् म्हणायची, मागच्या ओळीतली तर नुसतं बघत राहायची. ताई मुलांना जवळ जवळ बसवायच्या, कानाशी जाऊन बोलायच्या. पायाखाली फरशी बारीक थरथरत असायची. पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची, आणि मुलांना त्याची मोठी मौज वाटायची. मला वाटायची नाही.

मग दार अडकायला लागलं. रोज सहज लागणारी कडी, पण आता ती लावायला दार खांद्यानं ढकलावं लागायचं. मी म्हटलं, लाकूड फुगलं असेल. ताई म्हणाल्या, "लाकूड पावसात फुगतं गं. आता उन्हं आहेत." सकाळी सतरंजी अंथरायच्या आधी मी झाडू मारायचे तेव्हा भिंतीच्या कडेला वाळूची बारीक रेघ सापडायची. झाडली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच, कुणी चिमटीनं सोडून गेल्यासारखी. आम्ही दोघी तिच्याकडे बघायचो आणि मुलं येताहेत म्हणून विषय बदलायचो.

खुशी नावाची मुलगी होती आमच्याकडे. चार वर्षांची, अंगानं काटकुळी, बोलायची फार कमी. आई रेखा साड्यांवर टिकल्या लावायचं काम घरी आणायची. वर धागा बदलायला की काय मशिनं थांबलेली असताना ताईंनी एकदा पटकन डोळे मिटायचा खेळ घेतला. एकेक जण सांगत होता. कुत्रा. स्कूटर. टीचरच्या बांगड्या. खुशीची पाळी आली. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हणाली, "टीचर, भीत खोकी ऱ्हायनी."

भिंत खोकतेय. मुलं खदखदून हसली. ताईंनी कुणाला गप्प केलं नाही. त्या उठल्या, खुशी बसली होती त्या कोपऱ्यात गेल्या आणि भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. मुलांना वाटलं हाही खेळच, तीही जाऊन ओळीनं भिंतीला कान लावून उभी राहिली. मी समोरून पाहत होते. एवढीएवढी मुलं, डोळे मिटलेली, गाल भिंतीला चिकटलेले... आणि मधे ताईंचा चेहरा. त्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. तेवढ्यात वर मशिनं सुरू झाली. ताई शांतपणे म्हणाल्या, "चला, आज आपण ओट्यावर बसू."

त्याच दिवशी त्यांनी हसमुखभाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्या कोपऱ्यात भिंतीला बारीक भेग दिसायला लागली होती, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "बेन, तमे चिंता ना करो. जुन्या घराला अशा रेघा पडतातच. माझी बा वर राहते, मला काळजी नसेल?" दोन दिवसांत गवंडी आला, भेग भरली, वर रंग मारला. मुलांसाठी म्हणून त्यांनी तिथं एक हसरा ससासुद्धा रंगवून दिला. पुढच्या आठवड्यात सशाच्या कानापासून पोटापर्यंत एक केसासारखी रेघ उतरली.

ताईंनी दुसरी जागा शोधायला घेतली. त्यांच्या वस्तीतल्या विहाराचा हॉल होता, पण तिथं काम चाललेलं, थोडे दिवस थांबा म्हणाले. दरम्यान पालकांची बैठक आली. मशिनं रविवारी सकाळी बंद असायची, म्हणून ही बैठक आम्ही रविवारी सकाळी ठेवली. मी म्हटलं, "ताई, पालकांना आत्ताच काही सांगू नका, घाबरतील, मुलं काढून घेतील." त्या म्हणाल्या, "मी काहीच सांगणार नाही. त्यांनाच ऐकू दे."

खोली भरून गेली होती. आया पुढं, बाप्ये मागं दाराशी. ताईंनी नेहमीसारखी सुरुवात केली. आवाज आणि अक्षर, घरी खेळायचे खेळ, टाळ्या. नवीन पालक होते त्यांनी नावांच्या टाळ्या वाजवल्या, लाजत लाजत. मग ताई म्हणाल्या, "आता तुमची मुलं रोज करतात ते करायचं. डोळे मिटा. बोलायचं नाही. जे जे ऐकू येईल ते मनात ठेवा, मी विचारीन."

सगळ्यांनी डोळे मिटले. ताईंनी आणि मी उघडे ठेवले होते. आधी थोडी खुसखुस झाली, मग ती विरली. एवढी माणसं एका खोलीत इतकी गप्प बसलेली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. बाहेरून सायकलची घंटी आली. कुणाच्या तरी घरातून फोडणीचा आवाज. मग तेही थांबलं, आणि उरलं ते खालच्या आवाजातलं काहीतरी... सर्रर्र, मधे थांबून एक बारीक टक्. पुन्हा सर्रर्र. एका बाईनं डोळे उघडून शेजारणीकडे पाहिलं. तिचेही डोळे उघडेच होते.

पहिल्यांदा रेखा बोलली. एरवी बैठकीत तोंडातून शब्द न काढणारी. "पोर खरं सांगे बाई. भितमा काहीतरी पडी ऱ्हायनं."

दाराशी दीपकभाऊ उभे होते, बांधकामावर स्लॅबच्या सेंटरिंगला जाणारे. ते पुढं आले, कोपऱ्यातल्या खांबाला हात लावला, वाकून खालचं प्लास्टर बघितलं. कुणीतरी विचारलं, "काय हो, धोका आहे का?" ते म्हणाले, "मी कोण सांगणारा? पण माझी पोरगी उद्यापासून या खोलीत बसणार नाही." एवढं बोलून ते बायकोची वाट न बघता बाहेर ओट्यावर गेले. एकेक करून सगळी माणसं त्यांच्या मागोमाग बाहेर पडली. कुणी धक्काबुक्की केली नाही, कुणी ओरडलं नाही. झोपलेल्या मुलाजवळून उठावं तशी ती माणसं पाय न वाजवता बाहेर गेली. उरलेली बैठक आम्ही रस्त्यावर उभ्यानं घेतली.

सोमवारपासून बालवाडी विहाराच्या अंगणात भरायला लागली. हॉलचं काम चालू होतं, पण अंगणात बदामाच्या झाडाखाली जागा होती. काही पालक हसमुखभाईंकडे गेले, त्यांना सोबत आणून भिंत दाखवली. या वेळी ते म्हणाले, हातातली ऑर्डर संपली की मशिनं काढायला लावतो, बांना घेऊन जातो. लग्नसराईचा माल होता. खातेवाल्यालाही ताईंनी सांगितलं, तो म्हणाला, "हाँ हाँ बहन, थोडे दिन की बात है." ताईंना त्या थोड्या दिवसांत झोप नव्हती. अंगणात मुलं खेळत असताना त्या मधेच थांबायच्या आणि त्या गल्लीच्या दिशेनं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मुलं सुटली अर्चना. पण वर ती बारा-पंधरा कारागीर पोरं दिवसभर उभी असतात. आणि बा..." त्या दोनदा जाऊन बांना भेटूनही आल्या. बा त्यांना गॅलरीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या द्यायच्या आणि आपल्याच घरात राहायचं म्हणून हातानं जमिनीकडे खूण करायच्या.

आमचं कपाट, सतरंज्या, खेळण्यांची पेटी त्या खोलीतच होती. मुलं घरी गेल्यावर एका दुपारी आम्ही छोटा टेम्पो घेऊन ते आणायला गेलो. वर मशिनं चालू होती. टेम्पोवाला आणि मी कपाट बाहेर काढलं. ताई आत पेटी उचलत होत्या. मी परत दाराशी आले तर त्या पेटी खाली ठेवून उभ्या होत्या, एक हात वर धरलेला, वर्गात मुलांना 'थांबा, ऐका' म्हणताना धरायच्या तसा. मशिनांच्या आवाजात मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना काय ऐकू आलं, ते मला कधीच कळणार नाही. त्या म्हणाल्या, "बाहेर. रस्त्यावर. आत्ता."

मी पळाले. त्या जिन्याकडे वळल्या आणि पहिल्या मजल्याच्या दारात उभं राहून ओरडल्या. ताईंना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. कारागीर पोरं जिन्यावरून धडाधड उतरायला लागली, काही जण अनवाणी, एकाच्या गळ्यात धाग्याची रिळं. मशिनं तशीच चालू राहिली, वर कुणी नसताना. गल्लीत माणसं जमली. मी मोजत नव्हते, नुसतं बघत होते की ताई उतरल्या का. त्या उतरल्या. जिन्याच्या तोंडाशी आल्या, मला दिसल्या. आणि तिथं त्यांनी वर पाहिलं.

कामवाली बाई बाजारात गेली होती. सगळी गल्ली गॅलरीकडे तोंड करून हाका मारत होती. "बा! ओ बा! नीचे आवो!" मीही मारत होते. कुणी थाळी वाजवली. ताईंनी एक हाकही मारली नाही. पदर खोचला आणि त्या पुन्हा जिना चढून गेल्या. मी "ताई!" म्हटलं, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. उतरलेल्यांतला एक उडिया कारागीर त्यांच्या मागं धावला.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. सशाची भिंत उघड्या दारातून मला दिसत होती आणि तिच्यातून धूर यावा तशी धूळ यायला लागली होती. मग जिन्यात तो कारागीर दिसला, बांना पाठीवर घेतलेला, आणि त्याच्या मागं ताई, एक हात बांच्या पाठीला लावून. ते दोघं दारातून बाहेर आले. ताई शेवटच्या वळणावर होत्या... आवाज मोठा नव्हता. लोक सांगतात की बॉम्बसारखा झाला, पण मला तसं आठवत नाही. मला आठवतं की मशिनं एकदम बंद पडली आणि खूप शांत झालं.

एक कोपरा आणि जिना, एवढंच खाली आलं. बाकी इमारत तिरपी होऊन उभी राहिली. कारागिराच्या पायाला लागलं, तो बरा आहे, गावी गेला आहे. बांना खरचटलंसुद्धा नाही. हसमुखभाई त्यांना आपल्या फ्लॅटवर घेऊन गेले. मी एकदा भेटायला गेले तर बांनी माझा हात धरला आणि मोठ्यानं विचारलं, "पेली बेन क्यां छे?" ती बहीण कुठं आहे? हसमुखभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी आईला अजून सांगितलेलं नाही. चौकशी चालू आहे, त्यांना बोलावणी येतात. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं, ते मला नीट लिहिता येत नाही. एखाद्या दिवशी संताप येतो, एखाद्या दिवशी त्यांची ती पाठ आठवते.

ताईंच्या अंत्ययात्रेला सगळे पालक आले होते. इंग्रजी शाळेत गेलेली, मोठी झालेली मुलंसुद्धा. त्रिसरण चालू असताना खुशी आईच्या कडेवर होती. ती रडली नाही. डोळे मिटून बसली होती.

ताईंच्या घरी मी वर्गाच्या वेळेखेरीज कधी गेलेच नव्हते. आमची सगळी मैत्री बालवाडीतली. भास्करराव, त्यांचे यजमान, बरीच वर्षं लूमच्या खात्यात होते, मग इच्छापोरला कारखान्यात; वर्ग भरायचा तेव्हा ते कामावर असायचे. त्यांना कमी ऐकू येतं एवढं ऐकून ठाऊक होतं. ताईंनी त्याबद्दल कधी तक्रारीचा शब्द काढला नाही, म्हणून मीही कधी विचार केला नाही. जलदान विधी होऊन गेल्यावर एका दुपारी मी गेले. ते खिडकीशी पाठमोरे बसले होते. मी दारातून "भाऊ" म्हटलं. मग जरा मोठ्यानं म्हटलं. त्यांची पाठ हलली नाही. मी चांगलीच ओरडले, शेजारची बाई डोकावून गेली, आणि ते तसेच बाहेर बघत राहिले.

आतून प्रज्ञा आली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, उपयोग नाही. लांबून कितीही हाका मारा, त्यांना नाही कळत. जवळच जावं लागतं. आम्हाला लहानपणापासून आईनं तीच सवय लावलीय."

ती थाळी वाजवणारी गल्ली माझ्यासमोर उभी राहिली, वर गॅलरीकडे तोंड करून ओरडणारी आम्ही सगळी माणसं, आणि त्यात एकही हाक न मारता पदर खोचणाऱ्या ताई.

प्रज्ञा खोली ओलांडून गेली. वडिलांच्या समोर वाकली, त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि ते आपल्याकडे बघेपर्यंत थांबली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, अर्चनामावशी आलीय."